कझाकस्तानचे गृहमंत्री कासिमोव: पोलीस सुधारक, की नुसतेच टिकलेले?

रानजाई (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आम्ही दोघं आठवडाभर अल्माटीला जाऊन आलो. प्रवासवर्णन सवडीने लिहीन, फोटो अजून फोनमध्येच पडलेत. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

कुरमांगाझी आणि बाइसेइतोवा या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर फुलं ठेवलेली दिसली. आधी वाटलं अपघात झाला असेल. आमच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं, "देनिस तेन." स्केटिंग बघणाऱ्यांना नाव माहीत असेल. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचं ब्राँझ मिळवणारा मुलगा. १९ जुलै २०१८ ला भरदुपारी दोघेजण त्याच्या गाडीचे आरसे काढत होते. हा आडवा गेला, त्यांनी मांडीत सुरा खुपसला. वय २५. कशासाठी? तर गाडीच्या बाजूच्या दोन आरशांसाठी.

पुढचं वाचलं ते जास्त रंजक आहे. लोक चोरांवर चिडले त्याहून जास्त पोलिसांवर चिडले. गृहमंत्री कालमुखानबेत कासिमोव यांनी राजीनामा द्यावा म्हणून मोठी ओरड झाली. वकील, कार्यकर्ते अशा लोकांचा एक गट उभा राहिला, त्यांनी पोलीस सुधारणेचा आराखडा स्वतःच लिहायला घेतला. राजीनामा काही आला नाही. पण ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांनी आपल्या वार्षिक भाषणात पोलीस सुधारणा जाहीर केली आणि तीन वर्षांसाठी १७३ अब्ज तेंगे त्यासाठी ठेवले. राबवायची जबाबदारी कोणाकडे? त्याच कासिमोव साहेबांकडे!

हे गृहस्थ एप्रिल २०११ ते फेब्रुवारी २०१९ गृहमंत्री होते. जवळजवळ आठ वर्षं. मूळचे राजकारणी नव्हेत, पोलीस खात्यातच वाढलेले, कर्नल-जनरल हुद्द्याचे. त्यांच्या काळात स्थानिक पोलीस सेवा आली, 'शून्य सहनशीलता' आली, नवीन फौजदारी कायदा आला. याच काळात झानाओझेनचा गोळीबारही झाला. आणि मंत्रिपद सुटल्यावर घरी बसले नाहीत, थेट सुरक्षा परिषदेचे सचिव झाले.

तर प्रश्न असा: अशा माणसाला सुधारक म्हणायचं का? आणि मुळात पोलीस खातं पोलिसाने सुधारावं की बाहेरच्याने?

चहाटळ

कासिमोव म्हणजे तेच ना, जे आता राष्ट्राध्यक्ष आहेत?

रानजाई

नाही हो. ते कासिम-जोमार्त तोकायेव. तिकडे कासिम हे आपल्याकडच्या सुरेशइतकं कॉमन असावं.

चहाटळ

मग ठीक. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

तिरकस

त्यांच्या गृहमंत्रालयाच्या नावाचा शब्दशः अर्थ 'अंतर्गत बाबींचं मंत्रालय'. म्हणजे कोणीही काहीही विचारलं की उत्तर तयार: ही आमची अंतर्गत बाब आहे.

जुना_ठाणेदार

धागा आवडला. तीस वर्षं खाकीत काढली, त्यामुळे दोन शब्द लिहितो. कझाकस्तानला गेलो नाही, पण तिथल्या एका गोष्टीबद्दल बरंच वाचलं आहे, कारण ती आमच्याही अंगाला लागलेली होती.

सोव्हिएत काळापासून तिकडे 'पालोच्नाया सिस्तेमा' म्हणतात असा प्रकार आहे. पालोच्का म्हणजे काडी, रेघ. आपण दूधवाल्याच्या हिशेबाला कॅलेंडरवर रेघा मारतो ना, तशी. गुन्हा उघड झाला की एक रेघ. महिन्याच्या शेवटी ज्याच्या रेघा कमी, त्याला वरून शिव्या. मग माणूस काय करतो? जो गुन्हा उघड होण्यासारखा नाही तो नोंदवतच नाही. गाडीचा आरसा गेला म्हणून आलेल्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचं, चार वेळा "कशाला लफड्यात पडता" म्हणायचं. तो कंटाळून निघून जातो. आपल्या ठाण्यांत हे घडत नाही असं म्हणणारा एकतर पोलीस नाही किंवा निवृत्त झालेला नाही.

आता कासिमोव यांच्या काळातली एक गोष्ट मला खरोखर मोठी वाटते, आणि ती कोणी सांगत नाही कारण तिचे फोटो येत नाहीत. १ जानेवारी २०१५ पासून तिकडे नवीन फौजदारी संहिता आणि नवीन प्रक्रिया संहिता लागू झाली. आधी तक्रार आली की पोलीस प्राथमिक चौकशी करायचे आणि मग गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरवायचे. म्हणजे सगळी चलाखी त्या चौकशीच्या दिवसांत. नव्या कायद्यात ती पायरीच काढून टाकली. तक्रार आली की थेट एका एकत्रित नोंदवहीत चढवायची, आणि तपास सुरू. कागदावर तरी ठाण्याच्या दारावरचा रखवालदार हटला.

हे मंत्र्याचं एकट्याचं श्रेय नव्हे, कायदा संसदेत झाला. पण राबवला त्यांच्या खात्याने. गुन्ह्यांचे आकडे वाढलेले दिसणार हे माहीत असून खात्याने ते गिळलं. हे सोपं नसतं. आकडा वाढला की पहिला फोन मंत्र्यालाच येतो.

तिरकस

ठाणेदार साहेब, मान्य. पण मग तीन वर्षांनी भर शहरात आरशांसाठी खून का व्हावा? अल्माटीत आरसे चोरणं हा नेहमीचा धंदा होता. मालक बिचारा जुन्या बाजारात जाऊन स्वतःच्याच गाडीचे आरसे परत विकत घ्यायचा. नोंदवही एकत्रित झाली, चोरबाजार तिथेच राहिला.

जुना_ठाणेदार

बरोबर. नोंद झाली म्हणजे तपास झाला असं नाही. रेघेचं दुखणं तिथेच आहे: छोटी चोरी उघड करायला कष्ट फार आणि रेघ एकच.

डॉ_सुपारी

मी तिकडे वैद्यकीय शिक्षण घेतलं, २०१२ ते २०१८. (शहर आणि कॉलेज सांगत नाही, सिनियर-ज्युनियर सगळे इथे वाचतात.) नाशिक, नगर, लातूरकडची बरीच मुलं होती आमच्या बॅचला.

आम्हा परदेशी मुलांचा पोलिसांशी संबंध म्हणजे मायग्रेशन पोलीस. त्यांचं खातंही याच गृहमंत्रालयाचं. नोंदणीचा शिक्का वेळेत नसेल तर दंड. आमचा एक मित्र मे महिन्याच्या सुट्ट्यांमध्ये अडकला. सुट्ट्या सलग आल्या, ऑफिस बंद, आणि मुदत संपली. रस्त्यावर एका शिपायाने थांबवलं, पासपोर्ट उलटसुलट पाहिला, आणि मग ती जगप्रसिद्ध शांतता. ज्यांनी अनुभवली त्यांना कळेल. काही न बोलता माणूस फक्त तुमच्याकडे बघत राहतो. मित्राने रशियन येत नसल्याचं नाटक केलं. शिपायाने दहा मिनिटं वाट पाहिली आणि कंटाळून सोडलं. भाषा न येणं हा तिथला सगळ्यात स्वस्त वकील.

पण खोटं कशाला बोलू, सहा वर्षांत फरक दिसला. सुरुवातीला रात्री वसतिगृहात परतताना भीती वाटायची. नंतर रस्त्यावर कॅमेरे वाढले, गस्त वाढली. राजधानी अस्तानाला २०१७ मध्ये 'सेर्गेक' नावाची कॅमेरा यंत्रणा बसवली. सेर्गेक म्हणजे जागरूक. ट्रॅफिकवाल्याशी तोडपाणी करण्यात मुरलेल्या टॅक्सीवाल्यांनी तिला जे शब्द वापरले ते इथे लिहिले तर संपादक मला उडवतील. कॅमेऱ्याला चहापाणी देता येत नाही ना!

तेन गेला तेव्हा मी परत यायची तयारी करत होतो. आमच्या प्राध्यापिकाबाई वर्गात रडल्या. त्या म्हणाल्या ते अजून आठवतं, की हा मुलगा आमच्याकडच्या चांगल्या गोष्टींपैकी एक होता, आणि त्याला आमच्याकडच्या सगळ्यात क्षुल्लक गोष्टीने मारलं.

मोगरा८०

डॉक्टर, शेवटचं वाक्य वाचून थांबले.

अवांतर: देनिस तेन वंशाने कोरियन होता. १९३७ मध्ये स्टालिनने सोव्हिएत अतिपूर्वेतल्या कोरियन लोकांना उचलून गाड्या भरभरून मध्य आशियात आणून टाकलं, त्यांचे वंशज. तेनचे खापरपणजोबा मिन गुंग-हो हे जपान्यांविरुद्ध लढलेले कोरियन सेनानी. त्यामुळे तो कोरियातही लाडका होता. त्याच्या खुनाची बातमी दोन्ही देशांत घरच्या माणसाची बातमी म्हणून वाचली गेली. कझाक सरकारवर दडपण आलं त्यात याचाही थोडा वाटा असावा असं मला वाटतं. एखादा भाजीवाला मेला असता तर १७३ अब्ज निघाले असते का?

चहाटळ

मोगरा, याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे.

तिरकस

आता मुद्द्याचं लिहितो. धागाकर्तीने झानाओझेनचा उल्लेख एका वाक्यात उरकला, त्याला माझा आक्षेप आहे.

झानाओझेन हे कास्पियन समुद्राकडचं, मांगिस्ताउ प्रांतातलं तेलाचं गाव. तिथल्या तेलकामगारांचा संप मे २०११ मध्ये सुरू झाला. पगार वाढवा, आमची युनियन आम्हाला चालवू द्या, एवढंच मागणं. शेकडो लोकांना कामावरून काढलं. ते सात महिने चौकात बसून होते. १६ डिसेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन, त्या वर्षी विसावा. त्याच चौकात उत्सवाचा मांडव घातला. धक्काबुक्की झाली, आगी लागल्या आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. पळणाऱ्या लोकांवर पाठीमागून गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ लोकांनी घरांच्या खिडक्यांमधून काढले. सरकारी आकडाही पंधराच्या पुढे गेला.

कासिमोव यांना मंत्री होऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

मग काय झालं ते पाहा. प्रांताचा अकीम, म्हणजे तिथला प्रशासनप्रमुख म्हणा, गेला. राष्ट्राध्यक्षांचे जावई तिमुर कुलीबायेव यांना सरकारी निधी कंपनीच्या प्रमुखपदावरून काढलं. पुढच्या वर्षी पाच पोलीस अधिकाऱ्यांना पाच ते सात वर्षांची शिक्षा झाली. संपकरी आणि इतर अशा ३७ जणांवर खटला चालला, तेरा जण तुरुंगात गेले. आरोपींनी कोर्टात सांगितलं की आमचे जबाब मारहाण करून घेतले. म्हणजे खालचे गेले, बाजूचे गेले, जावईसुद्धा गेले. गृहमंत्री? जागेवर. आणि पुढे सात वर्षं जागेवर.

आणखी एक गंमत. नव्या अकीमपदी कोणाला पाठवलं? बाउरझान मुखामेदझानोव यांना. २००५ ते २००९ मध्ये हेच गृहमंत्री होते. गोळीबार पोलिसांनी केला, आणि जखमेवर मलम लावायला माजी पोलीसमंत्री!

याला तुम्ही सुधारकाची कारकीर्द म्हणणार असाल तर मराठी शब्दकोश बदलावा लागेल.

अनुराधा_मि

तिरकस, तुमचा संताप समजतो, पण एक बाजू राहते आहे. झानाओझेनच्या महिनाभर आधी, १२ नोव्हेंबर २०११ ला, ताराझ शहरात एका माणसाने एकट्याने फिरून पोलीस आणि सुरक्षा खात्याची माणसं मारली होती. २०१६ च्या जूनमध्ये अक्तोबेत बंदुकांची दुकानं लुटून टोळक्याने नॅशनल गार्डच्या तळावर हल्ला केला. जुलैमध्ये अल्माटीत एकाने पोलीस ठाण्यावरच हल्ला केला, आणि मेलेले बहुतेक पोलीस होते. मंत्रालय सतत असं अंगावर घेत होतं. अशा वेळी कोणतंही सरकार गृहमंत्री बदलायला कचरतं. मी गोळीबाराचं समर्थन करत नाही, ते 'टिकले' कसे याचं एक कारण सांगते आहे.

तिरकस

म्हणजे हल्ला झाला तर मंत्री हवेतच, आणि हल्ला नाही झाला तर मंत्र्यांमुळेच नाही झाला. छापा आला तरी तेच, काटा आला तरी तेच.

अनुराधा_मि

:) हा मुद्दा मात्र तुमचा.

गणपुले_काका

मला या कारकिर्दीतलं वेगळंच काहीतरी दिसतं. मंत्रालयाचा आकार बघा.

२०११ मध्ये तुरुंग न्याय मंत्रालयाकडून परत गृहमंत्रालयाकडे आले. त्याआधी दहाएक वर्षांपूर्वी मोठा गाजावाजा करून ते न्याय मंत्रालयाकडे दिले होते, का तर पकडणाऱ्याच्याच हातात कोठडीची किल्ली नको. अख्ख्या सोव्हिएतोत्तर प्रदेशात त्याचं कौतुक झालं होतं. ती सुधारणा गुंडाळली. २०१४ च्या एप्रिलमध्ये अंतर्गत सैन्यदलाचं नॅशनल गार्ड झालं, तेही याच मंत्रालयाखाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपत्ती मंत्रालय बंद करून तेही यात घातलं. म्हणजे पोलीस यांचे, तुरुंग यांचे, अग्निशमन यांचं, पूर आला तरी हेच, परदेशी माणसाचा शिक्काही यांचाच.

आमच्या गावात एक माणूस शाळेचा चेअरमन, सोसायटीचा चेअरमन, देवस्थानचा ट्रस्टी आणि भजनी मंडळाचा अध्यक्ष होता. त्याला लोक कार्यक्षम म्हणायचे. खरं म्हणजे कोणी दुसरा खुर्चीवर बसू नये एवढीच त्याची कार्यक्षमता.

आपत्ती खातं २०२० मध्ये पुन्हा वेगळं करावं लागलं.

रानजाई

काका, तुरुंगांचं मला माहीत नव्हतं. सगळी कारकीर्द 'सुधारणा' शब्दाने भरलेली आणि एवढी मोठी सुधारणा उलटी फिरली ती पहिल्याच वर्षात!

स्थानिक पोलीस सेवेबद्दल कोणाला माहिती आहे का? २०१५ मध्ये नझरबायेव यांनी 'शंभर पावलं' जाहीर केली होती, त्यातलं ते एक पाऊल. १ जानेवारी २०१६ पासून सुरू. स्थानिक प्रशासनाला आणि रहिवाशांना उत्तरदायी पोलीस, अशी कल्पना.

डॉ_सुपारी

आम्ही तेव्हा तिथेच होतो. आमच्या भागातला बीट अधिकारी, त्याला 'उचास्तकोवी' म्हणतात, तोच राहिला. त्याच्या टेबलावर एक नवीन पाटी आली. माणूस चांगला होता. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा पाळलेला पोपट हरवला तर शोधायला आला होता. सुधारणेमुळे आला की स्वभावाने, सांगता येत नाही.

चहाटळ

पोपट सापडला का?

डॉ_सुपारी

नाही. पण तक्रारीची नोंद झाली असणार, २०१५ चा कायदा लागू होता. (ठाणेदार साहेब, हलकेच घ्या.)

जुना_ठाणेदार

म्हणजे अजून तपासावर आहे म्हणायचा.

स्थानिक सेवेबद्दल: अकीमला उत्तरदायी हे ऐकायला छान. पण तेव्हा अकीमला तरी कोण निवडत होतं? तोही वरूनच यायचा. उत्तरदायित्वाची शिडी दोन पायऱ्या खाली आल्यासारखी दिसते आणि तिसऱ्या पायरीवर परत अस्तानाला पोचते. लोकांनी निवडलेला महापौर असता तर गोष्ट वेगळी.

मोगरा८०

त्यावरून आठवलं. तिकडे एक शब्द आहे, 'अगाश्का'. अगा म्हणजे मोठा भाऊ, काका. अगाश्का म्हणजे वर बसलेला तो काका, जो एक फोन करतो आणि काम होतं. त्यांच्या बातम्यांत, विनोदांत हा शब्द सारखा येतो.

चहाटळ

शब्द वेगळा आहे, काका तोच.

गणपुले_काका

काकांबद्दल जपून बोला.

हर्डीकर_तिबिलिसी

नाव बघून विचारू नका, नोकरीनिमित्त जॉर्जियात तीन वर्षं होतो. पोलीस सुधारणा म्हटलं की सगळे सोव्हिएतोत्तर देश जॉर्जियाकडे बोट दाखवतात, कझाक लोकही. २००४ मध्ये साकाशविली सरकारने अख्खं वाहतूक पोलीस खातं बरखास्त केलं. पंधरा हजारांच्या आसपास माणसं एका फटक्यात घरी. काही काळ रस्त्यावर पोलीसच नाहीत, आणि लोक सांगतात, वाहतूक काही बिघडली नाही! नंतर नवीन भरती, चांगले पगार आणि काचेच्या भिंतींची ठाणी. मी स्वतः पाहिली आहेत, रस्त्यावरून आतलं सगळं दिसतं.

ही सुधारणा ज्यांच्या नावावर आहे ते गृहमंत्री वानो मेराबिशविली. आठ वर्षं मंत्री, जवळपास कासिमोव यांच्याएवढीच. पण ते पोलीस नव्हते, बाहेरून आलेले. रानजाई यांच्या दुसऱ्या प्रश्नाला हे उत्तर वाटेल. थांबा. सरकार पडल्यावर २०१३ मध्ये याच मेराबिशविलींना अटक झाली, पुढे शिक्षा झाली. सत्तेचा गैरवापर, वगैरे. खरंच दोषी की राजकीय सूड, यावर तिबिलिसीत अजून दोन टेबलं आमनेसामने भांडतात. रस्त्यावरचा हवालदार लाच मागेनासा झाला हे दोन्ही टेबलं मान्य करतात. तुरुंगातल्या छळाचे व्हिडिओ बाहेर आले आणि त्यावर ते सरकार पडलं, हेही दोन्ही मान्य करतात.

तिरकस

म्हणजे खरी सुधारणा करणारा तुरुंगात आणि आमचे कासिमोव सुरक्षा परिषदेत. मला वाटतं धागा इथे संपवायला हरकत नाही.

अनुराधा_मि

एवढं सोपं नाही. हर्डीकरांनी तुरुंगातल्या छळाचं लिहिलंय ते वगळून तुम्ही सोयीचं तेवढं उचललंत.

हर्डीकर_तिबिलिसी

धन्यवाद अनुराधा. मी तेच लिहायला आलो होतो.

बिनपाण्याची

मला वाटलं हा धागा स्केटिंगचा आहे.

चहाटळ

'शून्य सहनशीलता' म्हणजे काय नक्की? आमच्या सोसायटीत वापरता येईल का?

डॉ_सुपारी

न्यूयॉर्कमध्ये गाजलेली कल्पना. छोटा बेशिस्तपणा खपवून घेतला नाही तर मोठा गुन्हाही होत नाही, असं म्हणणं. नझरबायेव यांच्या २०१२ च्या भाषणात आली आणि मग सगळीकडे. कचरा टाकला, भलत्या ठिकाणी रस्ता ओलांडला, तर दंड. चारचौघांत आईबहिणीवरून शिवी दिली तर तोही 'किरकोळ गुंडगिरी'चा गुन्हा. आमच्या कोल्हापूरच्या रूममेटला पहिले सहा महिने फार जड गेले. मग त्याने शोध लावला की मराठीतली शिवी त्यांना कळत नाही.

गणपुले_काका

पण यात एक खोट आहे. छोट्या माणसाच्या छोट्या चुकीला शून्य सहनशीलता, आणि मोठ्यांच्या? शिवाय दंडाच्या पावत्या फाडणं हीसुद्धा एक रेघच झाली की.

जुना_ठाणेदार

काका, खरंय. आणि २०१७ मध्ये याच्या अगदी उलट झालं. घरातली मारहाण, किरकोळ दुखापत ही फौजदारी गुन्ह्यातून काढून प्रशासकीय चुकीत टाकली. म्हणजे रस्त्यावर शिवी दिली तर बेशिस्त, आणि घरात बायकोला मारलं तर तीही तेवढ्याच पातळीची बेशिस्त. काय कारणं दिली असतील ती असोत, ठाण्यातल्या माणसाला यातून जो संदेश जातो तो एकच: हे आपलं काम नाही.

मोगरा८०

आणि त्याची किंमत. नोव्हेंबर २०२३ मध्ये अस्तानातल्या एका रेस्टॉरंटमध्ये सलतानात नुकेनोवा हिचा तिच्या नवऱ्याने मारून मारून जीव घेतला. नवरा कुआंदिक बिशिमबायेव, माजी अर्थमंत्री. खटला थेट प्रक्षेपित झाला, सगळा देश बघत होता. मे २०२४ मध्ये त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी महिनाभर, एप्रिलमध्ये, तोकायेव यांनी घरातली मारहाण पुन्हा फौजदारी गुन्हा करणाऱ्या कायद्यावर सही केली. लोक त्याला सलतानातचा कायदाच म्हणतात.

आधी देनिस, मग सलतानात. एक चेहरा गेल्याशिवाय तिथे कायदा हलत नाही की काय असं वाटायला लागतं.

बिनपाण्याची

आपल्याकडे हलतो?

रानजाई

कृपया इथलं राजकारण नको, त्यासाठी रोज दहा धागे निघतात.

निळावंती

मी सहसा वाचनमात्र. पण जानेवारी २०२२ बद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझा भाचा तेव्हा अल्माटीत होता, वैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला.

गाडीच्या गॅसचा भाव साठ तेंग्यांचा एकशे वीस झाला, त्यावरून पुन्हा झानाओझेनलाच लोक रस्त्यावर आले. तीन दिवसांत आंदोलन देशभर. ५ जानेवारीला अल्माटीत प्रशासनाची मोठी इमारत जळली, विमानतळ जमावाच्या ताब्यात. इंटरनेट बंद. माझ्या ताईने पाच दिवस फोन हातातून ठेवला नाही. अधूनमधून लागायचा, तोही एका मिनिटासाठी. तो म्हणायचा, खिडकीपासून लांब गादी टाकून झोपतोय, रात्री गोळ्यांचे आवाज येतात, बिस्किटं आहेत. ताईने त्याला विचारलं, पोलीस कुठे आहेत? तो म्हणाला, "मावशीला विचार, ती बातम्या बघते." इथे आम्ही बघत होतो तर राष्ट्राध्यक्ष सांगत होते की इशारा न देता गोळ्या घाला.

दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यात सुरक्षा दलांचे १९. कोठडीत छळामुळे सहा जण मेल्याचं सरकारी वकिलांनीच नंतर मान्य केलं.

तो सुखरूप आला. आता सांगलीत इंटर्नशिप करतो. फटाके वाजले की अजून खिडकीपासून लांब जाऊन बसतो.

डॉ_सुपारी

निळावंती, आमच्या ज्युनियर मुलांचे तेव्हाचे मेसेज आठवले. बरं झालं लिहिलंत.

अनुराधा_मि

धाग्याशी जोडून सांगते. तेव्हा गृहमंत्री येरलान तुरगुमबायेव होते, कासिमोव यांच्यानंतरचे. सुधारणेची तीन वर्षांची योजना, २०१९ ते २०२१, नुकतीच संपली होती. संपून आठवडा झाला नाही तोच परीक्षेचा पेपर आला असं म्हणा. फेब्रुवारीत त्यांना जावं लागलं. कासिमोव तोपर्यंत राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षण सेवेचे प्रमुख झाले होते, त्या जानेवारीत ते पदही गेलं. नझरबायेव यांचं युग संपलं आणि त्यांच्याबरोबर यांचंही.

त्यानंतरचे मंत्री मरात अखमेतझानोव पोलीस खात्यातून नव्हे, भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेतून आले होते. दीड वर्ष राहिले, मग अकमोला प्रांताचे अकीम झाले. सप्टेंबर २०२३ पासून येरझान सादेनोव.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल गृहमंत्रालयाने केलेला नाहीच, तो त्याच्याकडून काढून घेतलेला आहे. १ जानेवारी २०२३ पासून छळाच्या तक्रारींचा तपास फक्त सरकारी वकिलांकडे. पोलिसांनी पोलिसांची चौकशी करायची नाही.

जुना_ठाणेदार

ही खरी गोष्ट. मला कोणी विचारलं असतं तर पहिल्या दिवशी हेच सांगितलं असतं, पण नोकरीत असताना सांगितलं असतं का, हे मात्र विचारू नका.

तिरकस

आणि तो कोरा कागद! मे २०१९ मध्ये ओराल शहरात एक तरुण चौकात कोरा कागद धरून उभा राहिला. घोषणा नाही, अक्षर नाही. त्याला म्हणायचं होतं की यावरही पोलीस येतील. आले. ठाण्यात नेलं. मग कोणत्या कलमाखाली धरावं हे ठरेना म्हणून सोडून दिलं. सुधारणा योजनेचं पहिलंच वर्ष होतं ते.

चहाटळ

ठाणेदार साहेब, अशा केसची स्टेशन डायरीत नोंद कशी करतात? पान कोरं सोडतात का?

जुना_ठाणेदार

मुद्देमाल: एक कागद, कोरा. जप्त.

रानजाई

:D

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. लिहिताना माझ्या मनात होतं की माणूस एक तर सुधारक असतो किंवा खुर्चीला चिकटलेला. आता वाटतं, कासिमोव दोन्ही होते, आणि त्यात त्यांना स्वतःला काही विसंगती वाटली नसणार. वरून सुधारणा करा असा आदेश आला की ते सुधारणा करत. ठाणेदार म्हणतात ती नोंदवही त्यांच्या काळातली, आणि काका म्हणतात ते तुरुंगही त्यांच्याच काळातले. गोळीबारानंतर त्यांना जायला सांगणारा एकच माणूस होता, त्याने सांगितलं नाही. तेनच्या वेळी हजारो लोकांनी सांगितलं, पण त्या लोकांचं ऐकण्याची त्यांच्या नोकरीत अटच नव्हती. दुसरा प्रश्न, पोलीस की बाहेरचा, तो मी मागे घेते. हर्डीकरांनी त्याची वाट लावली.

त्या कोपऱ्यावरच्या फुलांबद्दल घरमालकीणबाई आणखी एक बोलल्या होत्या, ते लिहायचं राहिलं. मी विचारलं, आता आरसे चोरीला जातात का? त्या म्हणाल्या, कमी झालंय. मग थोडं थांबून म्हणाल्या, माझा मुलगा मात्र अजून रात्री आरसे काढून घरात आणतो.

शीर्षकातलं 'की' काढून 'आणि' करायचं होतं, पण संपादनाची मुदत संपली.

चहाटळ

राहू दे. साहेब आठ वर्षं राहिले, शीर्षकाने काय घोडं मारलंय?

डॉ_सुपारी

घोडं मारण्यावरून आठवलं. रानजाई, 'काझी' (घोड्याच्या मांसाचं सॉसेज) खाल्लं का? प्रवासवर्णनात लिहा.